एकाच बाजूची कडी

रथसप्तमी: नकाशा तयार झाला. जबाबदार, तो काढणारा अभियंता. ज्या भिंतीत माणूस वाकून जाईल एवढे दार आहे, त्या भिंतीच्या जागी त्याने घरात पाऊलही न टाकता सलग रेघ ओढली. महाशिवरात्रीचा आदला दिवस: दार चौकटीसकट उखडले. जबाबदार, माझा पुतण्या, म्हणजे घराचा आजचा मालक. धुळवडीची सकाळ: मोकळ्या जागेत विटांचा पहिला थर बसला. जबाबदार, गवंडी, पण त्याच्यावरचा ठपका हलका, कारण त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. गुढीपाडव्यानंतरचा सोमवार: भिंत छातीपर्यंत आली आणि सिमेंट संपल्यामुळे थांबली. अक्षय्य तृतीयेनंतर उरलेले थर चढणार. ही यादी मी लातूरहून नांदेडला नोंदणीकृत टपालाने पाठवली. ते माझे चौथे पत्र होते. यादी मला तेव्हा पूर्ण वाटली होती.

पत्रांना उत्तर आले नाही, फोन आला. "काका," पुतण्या म्हणाला, "तुम्ही तिकडून पत्रं लिहून राहिले आन् मी इकडं पोस्टमनला सह्या देऊन राहिलो. त्यो इचारतो, घरात केस चालू हाय का म्हणून. एकदा या की. बसून बोलू." म्हणून गेलो. भर दुपारी अंगणात खुर्ची टाकून त्या अर्ध्या भिंतीसमोर बसलो. नव्या सिमेंटचा तो कोरडा, कोणाचाच नसलेला वास नाकात भरला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून, कुठल्याशा गच्चीवरून, दुसरा एक वास त्यावर चढून आला. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा, आंबूस. कोणीतरी कुरडया घालत होते. त्या आंबूस झुळुकीने माझी सगळी कलमे, पोटकलमे क्षणभर हातातून गळून पडली आणि मी आठ वर्षांचा झालो.

आमच्या मोहल्ल्याची रचना बाहेरच्याला चटकन ध्यानात येत नसे. दोन गल्ल्या समांतर, आणि त्यांच्यामध्ये पाठीला पाठ लावून उभी असलेली माळवदाची घरे. आमचे पुढचे दार एका गल्लीत उघडे, पाठीमागच्या घराचे दुसऱ्या गल्लीत. रस्त्याने जायचे तर सार्वजनिक नळाच्या कोपऱ्याला वळसा घालून, इस्त्रीवाल्याच्या ओट्यावरून, अर्धा मोहल्ला पालथा घालावा लागे. पण पाठीच्या भिंतीत प्रत्येक घराला एक बुटके दार होते. त्याला आम्ही 'खिडकी' म्हणत असू, जरी तिच्यातून वाऱ्यापेक्षा माणसेच जास्त जात. बायकांना रस्त्यावर न उतरता एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाता यावे म्हणून निजामाच्या काळात कोण्या शहाण्या माणसाने ही सोय केली असावी. ती कोणी, कोणाच्या परवानगीने केली याचा कागद मी वर्षानुवर्षे शोधला, मिळाला नाही. काही गोष्टी कागदाविना इतक्या चोख चालत असतात की कागद करणाऱ्याला तिथे जागाच सापडत नाही, हे कबूल करणे माझ्यासारख्याला जड जाते. लातूरच्या न्यायालयात मी उभी नोकरी दुसऱ्यांचे दावे नोंदवण्यात घालवली आहे.

खिडकीपलीकडे अव्वा राहत. उदगीरच्या पलीकडून, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातून लग्न होऊन आलेल्या. गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग, आणि बोलण्यात माहेरची कानडी अशी पेरलेली की आम्हा मुलांना ती भाषा त्यांच्या स्वयंपाकाचाच एक भाग वाटे. रोज दुपारी त्या खिडकीतून डोके घालून विचारीत, "ऊटा आयता?" जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. झाले म्हटले तरी हातावर काहीतरी पडेच. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, त्यांच्या घरातून भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबिलीने भरलेला मातीचा मोगा आधी खिडकीतून आमच्याकडे येई आणि मग शेताकडे निघालेल्या बैलगाडीत चढे. उलट दिशेने आमच्याकडून विरजण जाई, विस्तव जाई, रडणारे मूल जाई आणि हसत परत येई. खिडकीचा एकच नियम होता: ओलांडण्याआधी चौकटीवर बांगडी वाजवायची. पुरुषांनी खाकरायचे. मुलांना तोही नियम नव्हता.

मोहल्ल्यातल्या इतर खिडक्या एकेक करून बुजल्या. कुठे न्हाणीघर आले, कुठे भांडण आले. आमची तेवढी उरली. अव्वांचे यजमान गेले, मुलगा पुण्याला, दिवाळीला येतो. त्यांच्या पुढच्या दाराला पाच उंच दगडी पायऱ्या आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी गुडघे गेल्यापासून त्या तिथून उतरलेल्या नाहीत. सकाळचा चहा, औषधाची गोळी, संध्याकाळच्या गप्पा, सगळे त्या खिडकीतून. माझी सूनबाई, पुतण्याची बायको, हे आजवर मुकाट्याने करीत आली. भिंत माथ्याला टेकली की अव्वांच्या घराला बाहेर जायची वाट राहणार नाही. मी एवढा कशासाठी संतापलो आहे ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

पुतण्या वाईट नाही. त्याला मुलांसाठी खोली हवी आहे आणि ती त्या भिंतीलगतच निघते. अव्वांना त्याने मोबाइल घेऊन दिला आहे. "एक बटन दाबलं की आम्ही हजर. वळसा घालून येऊ की, काय लई लांब हाय का?" असे तो म्हणाला. मग त्याने माझ्याच शस्त्राने मला गाठले. "काका, तुम्हीच शिकवलं ना, वहिवाट बघायला पुरावा लागतो. आता चौकट बघा. कडी आपल्या बाजूला हाय. तिकडून कडीच न्हाई. ज्याच्या बाजूनं कडी, त्याचं दार. ज्याचं दार, त्यानं बंद केलं. बोला." भिंतीजवळ बसून तंबाखू मळणारा गवंडी हसला. "मला कागद नका दाखवू म्हाराज, मला ओळंबा कळतो," तो म्हणाला, "पण पोरगं बोलतंय बराबर."

युक्तिवाद बिनतोड होता हे नाकारून चालणार नाही. त्यातून माझे हक्कसोडपत्र मीच धाकट्या भावाला, म्हणजे याच्या वडिलांना, लिहून दिलेले. भाऊ गेला, घर याचे झाले. कायद्याने त्या भिंतीशी माझा संबंध उरलेला नाही. पण रागाच्या खाली दुसरेच काहीतरी हलू लागले. दाराला एकाच बाजूने कडी कशी असेल? दोन घरांमधल्या दाराला दोन कड्या असतात. कोण घर असे उघडे टाकते की ज्याला ते स्वतः कधीच बंद करू शकत नाही? मी धर्माबादला बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "दोन्हीकडून होती रे. तिकडची पितळी होती, मी तिच्याशी खेळायची." बिलोलीच्या चुलतभावाला विचारले, तो माझ्याहून लहान. तो म्हणाला, "तिकडून कडी? मी तर कव्हाच बघितली न्हाई." दोन साक्षीदार, दोन साक्षी, आणि दोघेही खरे बोलणारे. म्हणजे बहीण आणि चुलतभाऊ यांच्या बालपणांच्या मध्ये कधीतरी कडी गेली होती.

उखडलेली चौकट अंगणात तिरपी टेकवून ठेवली होती, फळ्या अजून तिला लटकत होत्या. मी चष्मा पुसून गुडघ्यांवर बसलो. आमच्या बाजूची कडी जागेवर, तेलरंगाच्या थरांखाली इतकी चिकटलेली की ती कोणी कधी फिरवली असेल असे वाटेना. फळी उलटी केली. अव्वांच्या बाजूला बरोबर त्याच उंचीवर चार भोके होती, आणि ती चारही सागाच्या खुंट्या ठोकून, वर लाख भरून, सफाईने बुजवलेली. कडी पडली नव्हती, गंजली नव्हती. सुताराला बोलावून, मजुरी देऊन, ती कोणीतरी काढवून घेतली होती.

भिंतीपलीकडे बांगडी वाजली. चौकट नव्हती, विटेवर वाजली. अव्वांचा चेहरा भिंतीवरून कपाळापासून हनुवटीपर्यंतच दिसत होता. "आलास व्हय रं? ऊटा आयता?" मी म्हटले, झाले. मग, साक्षीदाराला विचारावे तसे, सरळ विचारले: "अव्वा, तुमच्याकडची कडी कोणी काढली?"

"म्या."

"का?"

"तुझा भाऊ ओट्यावर झाला ना, त्याच आठवड्यात."

माझा धाकटा भाऊ इस्त्रीवाल्याच्या ओट्यावर जन्मला ही आमच्या घरातली जुनी थट्टेची गोष्ट. आई घरात एकटी होती, वैशाखातली दुपार, अचानक कळा सुरू झाल्या. तिने खिडकी ठोठावली. पलीकडून कडी लागलेली. अव्वांना झोप लागली होती म्हणे. आई अनवाणी, तापल्या फरशीवरून, भिंतीला धरधरून रस्त्याने वळसा घालायला निघाली आणि कोपऱ्यावरच्या ओट्याशी कोसळली. इस्त्रीवाल्याच्या बायकोने तिथेच धोतराचा आडोसा केला. बाळ आणि बाळंतीण दोन्ही वाचली, म्हणून गोष्ट थट्टेची झाली. भावाला जन्मभर 'ओट्यावरचा' म्हणत आणि अव्वांना, दर बारशाला, दर हळदीकुंकवाला, कोणी ना कोणी ऐकवीच: "अव्वा, आज जाग्या आहात ना?" अव्वा हसत.

अव्वा त्या दुपारी झोपलेल्या नव्हत्या. त्या माळवदावर कुरडया घालीत होत्या. कडी मी लावली होती.

आईने मला माळवदावर जाऊ दिले नाही, ऊन लागेल म्हणाली. मी चिडलो. तेव्हाही मी असाच होतो. खिडकीतून अव्वांच्या घरात शिरलो, पाठीमागे पितळी कडी घातली आणि कणगीआड जाऊन बसलो, की आता शोधा. भिजल्या गव्हाचा आंबूस वास त्या खोलीत कोंदला होता. थोड्या वेळाने दार वाजले. मला ते ऐकू आले. आई मनधरणीला आली, असे मी समजलो, आणि उठलो नाही. दार पुन्हा वाजले, मग थांबले. गल्लीत गलका झाला तेव्हा मी हळूच कडी काढली आणि गर्दीत जाऊन उभा राहिलो. नंतर मी हे विसरलो, असे इथे लिहिले तर ती खोटी साक्ष होईल. विसरलो नाही. नोंदवले नाही, इतकेच. उभ्या आयुष्यात मी परक्यांची शपथपत्रे नोंदवली आणि स्वतःचे तेवढे एक वगळले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारले.

"कणगीखालून तुझे पाय दिसत व्हते की रं," अव्वा म्हणाल्या. "खाली आले तर कडी लागलेली, आन् दोन मळके पाय."

"मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं ऐकून घेतलंत."

"मला म्हणून म्हणून काय म्हणतील? झोपाळू. म्हणू दे. तुला म्हणले असते तर लेकरानं जलमभर काय करायचं? कडी व्हती म्हणून लेकरानं लावली. कडीच काढली. जा, आता कोन लावतंय बघू." मग त्या पुतण्याकडे, भिंतीपलीकडून, किंचित मान उंचावून पाहत हसल्या. "आता इटा लावून राहिलाय ह्यो. इटंला काय खुंटी ठोकावी, मला कळंना."

गवंड्याने तळहातावरचा तंबाखू तसाच ठेवला. सूनबाईने चहाचा कप भिंतीवरून पलीकडे दिला. दोन्हीकडून हात उंचावावे लागले, आणि थोडा चहा विटांवर सांडला.

लातूरला परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी विचार करीत होतो की माझ्या बालपणीचा मोहल्ला नेमका कशाचा बनला होता. आम्ही म्हणतो, प्रेमाचा, शेजारधर्माचा. पण प्रेमालाही कुठेतरी बिजागरी लागते. तो बनला होता अशा चार भोकांचा, जी एका बाईने आपणहून बुजवून घेतली आणि ज्यांच्याबद्दल ती साठ वर्षे बोलली नाही. काळ घरे पाडतो याचे मला नवल नाही. नवल याचे की त्याने त्यातली एकही सागाची खुंटी जागची हलवली नाही. आणि तिचे मौन हाच आज तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला जातो आहे. तिच्याकडून कडी नाही, म्हणून दार तिचे नाही.

तेव्हा वरची यादी मी याद्वारे दुरुस्त करतो. रथसप्तमीच्याही आधी, साठ वर्षांपूर्वीची एक वैशाखातली दुपार. जबाबदार, मी. हे मी सर्वांसमक्ष, छापील अक्षरांत मान्य केले आहे. आता उत्तर देण्याची पाळी माझ्या पुतण्याची. त्याने ते फोनवर देऊ नये, बंद पाकिटातही देऊ नये. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, दुपारी बारा वाजता, त्याने आपल्या पुढच्या दारातून निघावे. नळाच्या कोपऱ्यावरून, ज्या ओट्यावर त्याचा बाप जन्मला त्या ओट्यावरून, त्याची आजी अनवाणी निघाली होती त्या वाटेने, पायी, पूर्ण वळसा घालून अव्वांच्या पाच पायऱ्यांपाशी यावे. दोन्ही गल्ल्यांतल्या लोकांना मी बोलावतो आहे. तिथे, त्यांच्यासमोर, त्याने मोठ्याने सांगावे की पुढची वीट तो लावणार आहे की नाही. अव्वा वरच्या पायरीवर बसलेल्या असतील. मी खालच्या पायरीशी उभा असेन.