भिंगमावशीच्या आठ्या

औषधांच्या गोदामात सव्वीस वर्षं खोक्यांवरची लेबलं भिंगाने तपासून तपासून तिचं नावच भिंगमावशी पडलं होतं. कपाळावरच्या आठ्या घरी आल्यावरही उतरत नव्हत्या. चार वर्षांची नात तर जवळच येईना. "आजी रागावलीये," म्हणून आईच्या मागे दडायची. मावशीच्या फार जिव्हारी लागलं ते. इंजेक्शनाने आठ्या जातात असं कळलं, आणि तिने मनाशी पक्कं केलं.

थोरल्या जाऊबाई तिला एका पार्लरच्या मागच्या खोलीत घेऊन गेल्या. "ओळखीची आहे, डोळे झाकून बस." डोळे झाकून बसेल ती भिंगमावशी कसली! पांढऱ्या कोटातली बाई सुई भरूनच आत आली.

"डॉक्टर कुठायत?"

"मीच देते सगळ्यांना."

"बरं, बाटली दाखवा."

"टाकली."

मावशीने सरळ कचऱ्याच्या डब्यातून बाटली उचलली. नखाने लेबलाचा कोपरा सोडवला, तर खाली दुसरं लेबल, आणि मुदत गेल्याच वर्षी संपलेली! मावशी ताडकन उठली.

"चारचौघांत नाक कापलंस माझं," जाऊबाई रस्ताभर धुसफुसत होत्या. "तुला जळी स्थळी खोटच दिसते!"

"नाक गेलं तर गेलं, डोळे वाचले ना?"

पुढच्या ठिकाणी भिंतीवरचं प्रमाणपत्र भलत्याच माणसाचं निघालं. तिथूनही ती उठली. तिसरी मात्र त्वचेची डॉक्टर होती. तिने न विचारता आपला नोंदणी क्रमांक दाखवला, काय बिघडू शकतं तेही सांगितलं, आणि सीलबंद बाटली मावशीच्याच हातात दिली. मावशीने भिंग लावून तीनदा वाचलं. खोट सापडेना.

"आता आठ्या घाला. त्या बघून टोचायच्या जागी खुणा करते."

मावशीने जोर लावला. एक आठी पडेल तर शपथ!

डॉक्टर हसली. "मग एरवी कशा पडतात?"

"नात आली की..." म्हणता म्हणता मावशी थबकली. नात आली की ती करायची काय? हात दाखव, नखं दाखव, दात घासलेस का, खरं सांग! बिचारं पोर, त्याचंही खोकंच केलं होतं तिने.

"आज राहू द्या, डॉक्टर," ती ओशाळून म्हणाली.

घरी आल्यावर तिने भिंग नातीपुढे धरलं. "घे, आज तू मला तपास."

नात दाराआडून बघत राहिली. मग हळूच येऊन मांडीवर चढली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"हात दाखव," ती दरडावून म्हणाली. "आणि दात घासलेस का? खरं सांग!"