शेवटचा घास होईपर्यंत

आमच्या कंपनीला भेट द्यायला येणारी मोठ्या शहरांतली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. "तुमचं कल्चर काय?" आम्ही हिंगण्याच्या एमआयडीसीत विजेचे कंट्रोल पॅनल बनवतो. माणसांचं खातं माझ्याकडे, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारीही माझीच. आमच्या भिंतीवर ध्येयवाक्य नाही, वाढदिवसाला फुगे नाहीत, डोंगरावर नेऊन दोऱ्यांवर लटकवायचे खेळ नाहीत. मी म्हणते, "जेवायला थांबा, मग सांगते." बहुतेकांना वाटतं, बाई प्रश्न टाळते आहे.

जेवायच्या हॉलमध्ये एक लांबच लांब टेबल आहे. खरं तर ती बरीच टेबलं आहेत. माणसं वाढत गेली तशी आम्ही ती जोडत गेलो. प्रत्येकाची उंची थोडी वेगळी, म्हणून वरणाची वाटी जरा जपूनच सरकवावी लागते. नियम दोनच. डबा आपल्यापुढे ठेवायचा नाही, मधे ठेवायचा. आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मालकानंही नाही.

हा नियम मालकांचाच. त्यांना आम्ही सर म्हणतो. एकदा उमरेडकडच्या खाणीतलं काम बघून गाडीतून परतताना ते सहज बोलावं तसं बोलले, "माह्या पहिल्या नोकरीत आडनाव कळलं ना, त्या दिवसापासून कोणी माह्या डब्यातलं घेतलं नाही. मी पंपाच्या खोलीमागं बसून जेवत होतो." एवढंच. पुढे ते टोलनाक्यावरच्या रांगेबद्दल बोलू लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवसापासून तो नियम सरांचा कमी आणि माझा जास्त झाला.

मी तो पाळायला लावलाही. मधे एका सल्लागारानं सुचवलं, दोन पाळ्यांत जेवा, वेळ वाचेल. मी विचारलं, "घरी पण तुम्ही दोन पाळ्यांत जेवता का?" बिचारा म्हणाला, हो. त्याच्यापुढे काय बोलणार! रामटेककडची एक मुलगी डिझाइनला नवीन लागली होती. कानात ते बटणासारखं काहीतरी घालून कॉम्प्युटरपुढेच जेवायची. मी तिचा डबा उचलला आणि चालू लागले. "तुहा डबा पुढं गेला वं. तू येते का?" आली, तोंड फुगवून. आठवडाभरात तिच्या आईच्या हातच्या लोणच्यासाठी भांडणं लागायला लागली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून गाऊनवर आलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा होता आणि अर्धा भलत्याच कुणाचा. डोळा मिटेना, ओठ हलेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, घाबरू नका, बहुतेक बरं होईल, पण वेळ लागेल. थोडं राहूनही जाईल कदाचित. ते "थोडं" माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

दिसण्याचं दुःख मी गिळलं असतं. तशीही मी काही फोटोत पुढे उभी राहणारी नाही. हाल होते ते जेवणाचे. घास डाव्या गालात जाऊन बसायचा आणि तिथंच राहायचा, बोटानं काढावा लागायचा. वरण हनुवटीवरून ओघळायचं आणि मला पत्ताच नसायचा. घरी मी नवऱ्याकडे पाठ करून जेवायला लागले. एका पोळीला इतका वेळ लागायचा की तो बिचारा ताट धुऊन, पेपर वाचून परत यायचा, तरी मी तिथंच.

रजा संपत आली तशी माझी झोप उडाली. त्या टेबलावर सगळ्यांसमोर हे करायचं? आणि वर सगळ्यांनी माझ्यासाठी थांबायचं? मी ठरवलं, केबिनमध्ये जेवू दिलं तर नोकरी, नाहीतर राजीनामा. इतक्या वर्षांची नोकरी एका डब्यापायी सोडायला निघाले होते. पण तेव्हा त्यात मला काही वेडेपणा दिसत नव्हता.

पहिल्या दिवशी सरांना सांगितलं. वाटलं, ते नियमावर बोट ठेवतील, मी चिडून राजीनामा देईन आणि तिथंच सगळं मिटेल. ते एवढंच म्हणाले, "तुमाले जसं बरं वाटन तसं करा." मला त्याचाच राग आला.

दुपारी केबिनचं दार लावून डबा काढला. दार उघडून ती रामटेकची मुलगी आत आली. डबा उचलला. "मॅडम, तुमचा डबा पुढं गेला. तुमी येता का मी खाऊन टाकू?"

आता हिला शिकवलं कुणी, हे मी कुणाला विचारणार! गेले मागून.

टेबलावर मी शेवटच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. रुमाल तोंडाला लावून चार घास कसेबसे खाल्ले आणि म्हणाले, "झालं माझं." सगळे उठले. मला हायसं वाटलं, आणि उन्हं कलली तशी भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नियम मोडत नव्हता, कुणाला थांबावं लागत नव्हतं, मीच तेवढी अर्धपोटी. माझ्या मते तोडगा उत्तम होता.

लोकांना दिसत नाही असं आपल्यालाच वाटतं. पुढच्या सोमवारी टेबलावर डबे उघडले आणि मी बघतच राहिले. पहिल्या डब्यात मुगाची खिचडी. दुसऱ्यात मुगाची खिचडी. पलीकडे दहीभात, त्याच्या शेजारी शिरा, मग परत खिचडी. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चावायला लागेल असं काही म्हणून नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या घरी, दुसऱ्याला न सांगता, मॅडमला गिळायला सोपं पडेल म्हणून मऊ काहीतरी आणलं होतं. आता सगळे एकमेकांच्या डब्यांकडे बघून ओशाळले होते. अंगमेहनत करणारी दणकट माणसं आजारी लेकरांचं जेवण घेऊन बसली होती.

माझा पारा चढला. "काहून? माहे दात पडले का? मी काय मरून राहिली?"

मग सर म्हणाले, "मीपण खिचडीच आणली." आणि डब्याचं झाकण हळूच परत लावायला गेले.

मला हसू आलं. आजारानंतरचं पहिलंच हसू, आणि तेही वाकडं, अर्ध्याच तोंडात मावणारं. मी हसले तसं सगळं टेबल हसलं. हसता हसता माझ्या न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. ते आजाराचं होतं असं मी सांगू शकले असते, पण नव्हतं.

एका वेल्डरच्या डब्यात तेवढा सावजी रस्सा आणि भाकरी होती. त्याच्या घरी म्हणे काल पाहुणे होते. तो डबा लपवत होता. "इकडं दे तो," मी म्हणाले.

"मॅडम, लय तिखट हाये. झेपन का?"

"तोंड वाकडं झालं माहं. जीभ नाही."

रुमाल मांडीवरच ठेवला. भाकरी कुस्करली, रस्सा ओतला. रस्सा हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला, साडीवर पडला. मी जेवत राहिले. खिचडी संपायला कितीसा वेळ लागतो? सगळ्यांचे हात वाळून गेले तरी सगळे बसून होते. संत्र्याच्या भावावर, कुणाच्या तरी साळ्याच्या लग्नावर गप्पा चालल्या होत्या. गेटपास घ्यायला आलेल्या ट्रकवाल्यालाही कुणीतरी बसवलं आणि त्याच्यापुढे खिचडी ठेवली. बाहेर त्याचा ट्रक माल भरून उभा होता. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

इतकी वर्षं मी नव्या माणसांना हा नियम समजावून सांगत आले, जणू मीच त्यांना काहीतरी देत होते. त्यांनी तो सांभाळून ठेवला होता आणि माझी पाळी आली तेव्हा मला दिला. हे ऋण नाही; ऋण म्हटलं तर ते रागावतील. पण त्या दुपारी मला त्या प्रत्येक माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं.

भाकरी संपली. गप्पा हळूहळू थांबल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले, खुर्च्या मागे सरकल्या.

"बसा," मी म्हणाले. "मले आखीन अर्धी पाहिजे."