आखाजीचे मडके

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, सुरतेत आमच्या हद्दीतील एका खोलीतून अकरा वर्षांची मुलगी नाहीशी झाली. पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली. हे झालेले नाही.

मुलीला वडील नव्हते आणि आई आजारात वारली होती. बालकल्याण समितीने तिला प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे सरकारच्या देखरेखीखाली दुसऱ्या घरी ठेवले होते. घर खानदेशी. पुरुष लूम कारखान्यात कारागीर, बाई घरी साड्यांना टिकल्या लावायची. मुलगी त्यांना काका-काकू म्हणे. गल्ली तिला ‘सरकारनी पोर’, सरकारची पोर, म्हणत असे.

अल्पवयीन असल्याने अपहरणाचा गुन्हा नोंदवला. तासाभरात खबर आली : काका सकाळी मुलीला रिक्षातून कुठे तरी घेऊन गेला होता. खबर देणारा शेजारी होता आणि सांगताना त्याचा आवाज जरा जास्तच हळू होता. अशी खबर मी तपासत असे, पण तिच्यावर विसंबत नसे.

काकाला ठाण्यात आणले. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. सकाळी तिला घेऊन खरबूज आणायला गेलो होतो आणि परत आलो, एवढेच तो सांगत राहिला. फळवाल्याने आणि रिक्षावाल्याने त्याला दुजोरा दिला. हवालदाराने टोमणा मारला, “सणाच्या दिवशी परकी पोर जड झाली का रे?” काकाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. घरातून काय गेले, हा आमचा ठरलेला प्रश्न. कपडे, पैसे, काहीच गेले नव्हते. पितरांसाठी भरलेली घागर कोपऱ्यात होती; आमच्या खानदेशात आखाजीला घरोघर ती भरतात. घागरीवर लहान मडके ठेवतात, मडक्यावर खरबूज. इथे मडक्याच्या जागी स्टीलचा लोटा होता. मी पाहतो आहे हे काकूच्या ध्यानात आले. पूजा अर्धवट दिसते म्हणून ती ओशाळली. “मडकं सापडनं नही, साहेब. खरबूजबी गयं. पोरनी काढं व्हई.”

ही घागर कुणाच्या नावाची, मी विचारले. सासऱ्यांची. आणि मुलीच्या आईची? ते काकूच्या मनातच आले नव्हते. आई कुठे वारली, हेही तिला माहीत नव्हते.

ठाण्यात परतून काकाला तेच विचारले. तो म्हणाला, “सचिन गावाला बसमधून जाताना तिने एकदा एका चाळीकडे बोट दाखवलं होतं. मी पुढे विचारलं नाही, साहेब.”

चाळ सापडली तेव्हा दिवस मावळत होता. मुलीच्या आईच्या खोलीत आता ओडिया कामगार राहत होते. ती बाहेर पायरीवर बसली होती, शेजारी भरलेले मडके, त्यावर खरबूज. पाणी त्या कामगारांनी दिले होते. तिचे बोलणे त्यांना कळले नव्हते. त्यांनी भाताची ताटली पुढे ठेवली होती, ती तशीच होती. मी साध्या कपड्यांत होतो. का आलीस, विचारल्यावर म्हणाली, “मनी मायनी घागर कोन भरी?”

पंचनाम्यात मडके जप्त दाखवावे लागले.

समितीसमोर तिला बालगृहात हलवण्याचा प्रस्ताव होता. घरी भेटीला येणारी समितीची कार्यकर्ती दरवेळी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी येई, सगळे घरी भेटावेत म्हणून. मुलगी पाण्याचे पेले फिरवी, आणि मुलगी खूश आहे ना, हे काकूला विचारले जाई. या वेळी अध्यक्षांनी काका-काकूंना बाहेर बसवले. मुलगी अहिराणीत बोलू लागली, म्हणून दुभाषा म्हणून मला थांबवले. ती म्हणाली, “माले कोनी इचारं नही. काकूलेच इचारतस. मी आठेच ऱ्हासू, काकूकडे. फक्त मायनी घागर भरू द्या.”

समितीने ते मान्य केले. यापुढे भेटीत मुलांशी एकट्याने बोलावे, असाही आदेश दिला.

पण पोलिसांची गाडी दारात उभी राहिल्यापासून गल्लीने त्या घराशी बोलणे टाकले होते आणि घरमालकाने खोली सोडायला सांगितले होते. मुलीला ठेवणे जमणार नाही, असे काका-काकूंनी लिहून दिले. काकू सही करताना रडली, सही केली. मुलीला कामरेजकडच्या बालगृहात पाठवण्यात आले.

या प्रकरणानंतर हरवलेल्या मुलाच्या तपासात मी पहिला प्रश्न बदलला. त्याला शेवटचे कुणी पाहिले, याच्याआधी मी विचारी : त्याला शेवटचे कुणी काही विचारले?

गुन्हा निकाली निघाल्यावर मडके मुलीला परत दिले. पुढच्या आखाजीला मी बालगृहात गेलो. ओट्यावर ते भरून ठेवलेले होते, वर खरबूज होते. खरबूज काकूने आणून दिले होते. ती मुलीला न भेटता फाटकातूनच परत गेली, असे अधीक्षिकेने सांगितले.