रिकाम्या हातांची लेझीम

नात विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. मागच्या महिन्यात तिच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि आमच्या नांदेडच्या घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. एक दिवस साडीचा, एक दिवस काळ्या कपड्यांचा, एक दिवस जुन्या जमान्याचा. त्या जुन्या जमान्यासाठी ती माझं धोतर मागायला आली.

"आबा, तुमच्या शाळेत डान्स होता का हो?"

"होता की."

"कुणासोबत नाचलात?"

"पोरापोरांत. एका रांगेत सतरा जण."

ती इतकी हसली की सुनेनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. मला राग आला. म्हटलं, हसू नको, त्या नाचासाठी मी पंधरा दिवस गुरुजींशी अडून बसलो होतो. तेव्हापासून ती मागं लागली, लिहून काढा म्हणून. माझं शिक्षण सात जमाती. अक्षराला वळण नाही, पण वाचता येतं. जे झालं ते लिहितो.

जमात म्हणजे इयत्ता. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती तरी शाळेतून ते शब्द गेले नव्हते. हजेरीला हाजरी, वर्गाला जमात, आणि गॅदरिंगला जलसा. शाळा लातूरला होती. माझं गाव रेणापूरच्या बाजूला. मी बोर्डिंगात राहायचो, शनिवारी दुपारी चालत गावी जायचो आणि रविवारी भाकरीचं गाठोडं घेऊन चालत परत यायचो. वर्गात मी सगळ्यात उंच होतो, कारण शाळेत घातलंच उशिरा.

त्या काळातली पोरांची मजा म्हणजे काय, तर ग्राउंडावर हुतूतू, कुणाच्या तरी शेतातली बोरं, आणि तंबूतल्या सिनेमाचा आवाज बाहेर उभं राहून ऐकायचा. वर्षातून एकदा जलसा. त्यात एक नाटक व्हायचं, बायकांची कामं पोरंच करायची. शाळेत मुली चारच होत्या. त्या स्वागताचं गाणं म्हणून ओळीनं खाली बसायच्या. आणि शेवटी लेझीम. लेझमीच्या रांगेत जो असेल तो वर्षभर शाळेत छाती काढून चालायचा. मी सहावीत होतो तेव्हा उंची बघून नाव घेतलं होतं आणि नेमका तापानं पडलो. त्यामुळं सातवीच्या जलशात लेझीम धरायचीच, हे मी वर्षभर आधी ठरवलं होतं.

मधल्या काळात आमच्या घरात एक मोठी गोष्ट झाली. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला. त्याच्या आधी माझा बा गावची हलगी वाजवायचा. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणं आलं की भाकरी ताटात टाकून उठायचं. वाजवायचं सगळ्यांच्या पुढं आणि जेवायला बसायचं सगळ्यांच्या मागं, ते पण दाराबाहेर. धम्म घेतल्यावर वस्तीनं ठरवलं, आजपासून हे काम बंद. बानं खुंटीवरची हलगी काढली, दोन्ही हातांनी एकदा फिरवून बघितली आणि चुलीत घातली. चामडं जळाल्याचा वास दोन दिवस घरात होता. आईनं त्याच जाळावर भाकरी भाजल्या.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत जलशाची तयारी सुरू झाली.

आमचे कवायतीचे गुरुजी घाटावरचे, म्हणजे पश्चिमेकडचे. इकडं मराठी शाळा वाढल्या तसे तिकडून मास्तर आले, त्यातले एक. माणूस चांगला. मला बोर्डिंगात ताप आला तेव्हा रोज येऊन कपाळाला हात लावून जायचे. त्यांनी सातवीच्या सगळ्या पोरांना ग्राउंडावर बसवलं आणि सांगितलं, यंदा नुसती लेझीम नाही. यंदा विषय आहे आपलं गाव. स्टेजवर अख्खं गाव उभं करायचं. प्रत्येकानं आपल्या घरातलं काम करून दाखवायचं. कष्टाच्या कामात कमीपणा नसतो, हे लोकांना दिसलं पाहिजे.

मग नावं घ्यायला लागले. पाटलाच्या पोरानं फेटा बांधून खाटेवर बसायचं. कुंभाराच्या पोरानं चाक फिरवायचं. न्हाव्याच्या पोरानं पाटलाची दाढी करायची. माझा दोस्त गंजगोलाईच्या बाजारातल्या तेलाच्या दुकानदाराचा पोरगा, त्याला आम्ही शेठ म्हणायचो. त्यानं तागडी घेऊन गूळ तोलायचा. शेठ माझ्या कानात म्हणाला, "मेलो गड्या. घरी पण तागडी, हितं पण तागडी."

माझं नाव आलं तेव्हा गुरुजींचा चेहरा खुलला होता. मला नक्की आठवतं, ते आनंदानं सांगत होते.

"आणि लेझमीच्या पुढं हा. ह्याच्या वडिलांसारखी हलगी तालुक्यात कुणी वाजवत नाही म्हणे. रक्तातच ठेका आहे पोराच्या."

पोरं माझ्याकडं वळून बघायला लागली. मी उभा राहिलो.

"गुरुजी, मी हलगी वाजवणार न्हाई."

"का रे? येत नाही?"

"येती. वाजवणार न्हाई."

"अरे, सगळ्यांच्या पुढं उभा राहशील. मानाची जागा आहे."

"ती जागा आमाला म्हाईत हाय गुरुजी. मला रांगेत घ्या. लेझीम द्या."

गुरुजींना ते समजलं नाही. आज वाटतं, त्यांना खरंच समजलं नसेल. मी त्यांचा विषय मोडतोय एवढंच दिसलं. ते म्हणाले, "प्रत्येकाला जे दिलंय ते त्यानं करायचं. हलगी घे, नाहीतर जलशाच्या दिवशी खाली सतरंजीवर बस."

"बसत पण न्हाई," मी म्हटलं आणि बसलो नाही. तास संपेपर्यंत उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालीम सुरू झाली. लेझमी सोळा, पोरं सोळा. मी जाऊन रांगेच्या टोकाला सतरावा उभा राहिलो. हातात काही नाही. गुरुजींनी शिट्टी मारली, पोरांचे हात वर गेले, माझे पण गेले. चार आवाज, आठ आवाज, बैठक, उठून गिरकी. मुठी अशा धरायच्या की जणू दांडा हातात आहे.

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. एकजण म्हणाला, "ह्याची लेझीम भूतानं नेली." दुसरा म्हणाला, "न्हाई रे, तिला साखळी न्हाई म्हणून वाजंना." पाटलाच्या पोरानं तर रोज नवीन काढायचं. एकदा म्हणाला, "जरा हळू हलव लेका, माझ्या डोक्याला लागंल तुझी लेझीम." मी एवढंच म्हटलं, "मग सरक." तो हसता हसता खरंच सरकला.

गुरुजींनी मला हाकललं नाही आणि रांगेतही धरलं नाही. माझ्यापाशी आले की नजर माझ्यावरून पुढं काढायचे. मी रोज गेलो. एका संध्याकाळी शेठनं विचारलं, "त्यांनी शेवटपर्यंत न्हाईच दिली तर?"

"तर जलशाला पण असाच उभा राहीन."

"स्टेजवर?"

"स्टेजवर."

"लई वाईट हाडाचा हायस तू," तो म्हणाला. मला ते चांगलं वाटलं.

आता अडचण गुरुजींची होती. हलगीशिवाय लेझीम म्हणजे नुसता खुळखुळाट. त्यांनी कुठून तरी एक हलगी आणून कवायतीच्या खोलीत खुंटीला अडकवली आणि म्हणाले, वाजवा कुणीतरी. एकानं सांगितलं, हात दुखतो. एकानं सांगितलं, आई ओरडंल. पाटलाचं पोरगं तर खोलीतच जाईना. मानाची जागा आहे, असं गुरुजींनी सगळ्यांना सांगून बघितलं. त्या मानाला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः हलगी हातात घेऊन पायरीवर बसलेले मी पाहिले. वाजवत नव्हते. नुसते बघत होते.

शेठ तागडीला कंटाळला होता. त्यानं हात वर केला. "गुरुजी, मी वाजवतो. पर चामड्याला हात लावला तर बाप घरात घेणार न्हाई. आमी लिंगायत, गळ्यात लिंग हाय. दुकानातला करडीच्या तेलाचा रिकामा डबा आणू का?"

आणला. पत्र्याचा चौकोनी डबा, गळ्यात सुतळीनं बांधलेला, हातात दोन काटक्या. आवाज भारी निघाला, पण ठेका कुठला. शेठ पहिल्या चार आवाजांना बरोबर असायचा, पाचव्याला पळत सुटायचा. बैठकीला अर्धी पोरं खाली आणि अर्धी वर. एकाचा दांडा दुसऱ्याच्या कानावर बसला. जलसा पाच दिवसांवर आलेला आणि शाळेची लेझीम बाजारात बैल उधळल्यासारखी.

त्या दिवशी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी टोकाला होतो तिथूनच तोंडानं ठेका धरला. डगड् डांग, डगड् डांग, डगड् डगड् डांग. लहानपणापासून घरात ऐकलेला, तो विसरायला चूल पुरत नाही. शेठनं माझ्या तोंडाकडं बघत काटक्या टाकल्या. रांग एकदम सरळ झाली. सोळा साखळ्या एकाच वेळी वाजल्या. पूर्ण एक फेरी झाली आणि मी थांबलो. लगेच सगळं विस्कटलं.

गुरुजी माझ्यापाशी आले. पहिल्यांदाच.

"येतं तुला सगळं. मग वाजव ना रे. का अडलायस?"

"तोंडानं म्हणतो गुरुजी. शेठला शिकवतो पण. हलगी धरणार न्हाई."

"पण का?"

सगळी पोरं ऐकत होती. मला तेव्हा भाषण करता येत नव्हतं, आजही येत नाही. मी म्हटलं, "बानं हलगी चुलीत घातली. तुमच्या स्टेजवरच्या गावात मी ती परत वाजवली, तर त्यानं जाळलं ते कशासाठी?"

गुरुजींनी शिट्टी खिशात घातली आणि तालीम सोडून दिली. मला वाटलं, आता नाव कापतात. बोर्डिंगात मी ट्रंकेत कपडे भरून ठेवले. काढलं तर जायचं, पण हलगी धरायची नाही, एवढं पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते एक लेझीम घेऊनच. शाळेची नव्हती. ती त्यांची स्वतःची, गावाकडून आणलेली. दांडा हाताच्या घामानं काळा पडलेला, साखळी जाड. त्यांनी ती माझ्या हातात दिली. जड निघाली. इतके दिवस रिकामे हात हलवायची सवय, पहिल्या आवाजाला ती हातातून निसटायलाच आली. पाटलाचं पोरगं म्हणालं, "बघा, ह्याला भुताचीच बरी व्हती."

मग गुरुजींनी सगळ्यांना बसवलं. म्हणाले, "माझा विषय चुकला. गाव तेच राहू दे. पण काम ज्यानं त्यानं आपलं निवडा. मी वाटणार नाही."

पुढं जो गोंधळ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. पाटलाच्या पोराला पहिल्यापासून वस्तऱ्याची हौस होती, तो न्हावी झाला. न्हाव्याचं पोरगं फेटा बांधून खाटेवर बसलं आणि रोज तालमीत पाटलाच्या पोराला दम द्यायला लागलं, "नीट धर वस्तरा, गालाला लागंल!" कुंभाराचं पोरगं शिक्षक झालं, त्यानं गुरुजींचीच नक्कल केली. तागडी कुणी घेतलीच नाही, ती स्टेजवर एकटी टांगून ठेवली. शेठ डबा वाजवणार, आणि मी रांगेत सतरावा.

जलसा दिवसा होता, दुपारी चारला. पोरांचे आईबाप आले होते. पडदा उघडला आणि खाली बसलेले खरे पाटील उठून उभे राहिले. "आरं, आमचं पोरगं न्हावी कसं काय झालं?" मागून कुणीतरी म्हणालं, "पाटील, बसा. दाढी झ्याक करून राहिलाय." हशा पिकला. पाटील बसले, पण शेवटपर्यंत मिशीवरून हात काढला नाही.

माझा बा गावाहून चालत आला होता. तो कडेला, लिंबाखाली उभा होता. जिथं कार्यक्रम असेल तिथं कडेला उभं राहायची सवय. गुरुजींनी ते बघितलं, खाली उतरले, त्याला हाताला धरून सतरंजीवर पुढं आणून बसवलं. बा अवघडून बसला, पायताण मांडीखाली घेऊन.

लेझीम सुरू झाली. शेठ चार आवाजांना बरोबर होता, आठला पण होता. बैठकीला सुटला. रांग हलली. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझी नजर बावर गेली. त्याच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती, बारीक, कुणाला न दिसणारा. डगड् डांग. मी त्या बोटांच्या ठेक्यावर पाय टाकले. माझ्या शेजारचा माझ्यावर आला, त्याच्यावर त्याच्या शेजारचा, आणि रांग उभी राहिली ती शेवटच्या गिरकीपर्यंत मोडली नाही. मी बघतोय हे बाच्या ध्यानात आलं तसा त्यानं हात धोतराखाली घेतला.

परत जाताना मी त्याला लातूरबाहेरच्या नाक्यापर्यंत सोडायला गेलो. नाक्यापाशी तो थांबला. मग म्हणाला, "डबेवालं पोरगं कच्चं हाय."

"हाव."

"तू चुकला न्हाईस."

एवढंच. पुढं आठवीत माझं नाव दाखल झालं नाही, आईच्या आजारपणात शाळा सुटली आणि परत धरता आली नाही. त्याचं दुःख मी फार केलं नाही. मला शाळेकडून जे पाहिजे होतं ते मी घेऊन आलो होतो.

हे सगळं मी नातीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आबा, तो ठेका अजून येतो?"

"येतो."

"मग मला हलगी शिकवा. आमच्या कॉलेजच्या लेझीम पथकात कुणालाच धड येत नाही."

मी तिच्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं वाजवायला?"

"कुणी नाही. मलाच वाजवायचीय."

मी म्हटलं, हलगी मी धरणार नाही, ते आता ह्या वयात बदलणार नाही. तोंडानं सांगतो, तू हातानं वाजव. आणि आधी पाय शिक, पायांशिवाय ठेका कळत नाही. मग मी ओसरीत उभा राहिलो, गुडघे कुरकुरत होते, मुठी वळल्या आणि रिकामे हात वर नेले. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पण मुठी वळल्या.

"हसू नको," मी म्हटलं. "चार आवाज. चल."