श्रीकरचे पाहुणे

श्रीकर अभ्यासात बेताचा होता, पण नकला करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या वर्गात कुणी नव्हता. हेडमास्तरांची चाल, वॉचमनचा खोकला, सगळं हुबेहूब. त्यामुळे मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीतला हा मुलगा व्हिडिओ गेम खेळून नावारूपाला आला, याचं मला नवल वाटलं नाही. तो घरात बसून खेळतो, हजारो माणसं त्याच क्षणी आपापल्या मोबाइलवर ते बघतात, आणि तो तमिळमध्ये अखंड बोलत राहतो. खेळात तो साधारणच. लोक येत ते त्याच्या बोलण्यासाठी. पार कुंभकोणमच्या बसस्टँडवरही कॉलेजची मुलं त्याला ओळखून फोटो काढत.

एकदा त्याची आई सरोजाबाई नकळत कॅमेऱ्यासमोर आली. एवढी माणसं बघताहेत म्हटल्यावर तिने पदर सावरला आणि तमिळमध्ये विचारलं, "सगळे जेवलात ना?" आल्यागेल्याला हे विचारल्याशिवाय तिला पुढे बोलताच येत नाही. बघणारे हसून बेजार झाले. मग ते तिचीच वाट बघू लागले. ती दिसली की बघणाऱ्यांपैकी कुणी आपल्या मोबाइलवरून श्रीकरच्या घरात कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज लावी. ती दचके, आणि श्रीकर तिच्या दचकण्याची नक्कल करी.

"पोरं आहेत," ती म्हणायची.

पुढे गर्दी ओसरू लागली. मदुरैचा कुणी एक मुलगा वर चढत होता. तेव्हा श्रीकरने आईला सांगितलं, "अम्मा, रविवारी माझे बघणारे जेवायला येणार. दोन पंगती होतील."

पाहुणे जेवल्याशिवाय सरोजाबाई स्वतः घास घेत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. श्रीकरने ते आपल्या बघणाऱ्यांनाही सांगून ठेवलं आणि पैज लावली: अम्मा कधी हार मानून जेवेल? बोलावलं त्याने कुणालाच नव्हतं.

रविवारी तिने सांबार केलं, डांगराची पचडी केली, पुरणपोळ्या केल्या. केळीची पानं मांडली, पाण्याचे पेले ठेवले आणि भिंतीला टेकून दाराकडे बघत बसली. तिच्यावर एक कॅमेरा लावलेला होता. दुपार टळली.

"पापनाशमची बस चुकली असेल त्यांची," ती म्हणाली.

पानांच्या कडा वळू लागल्या. बघणाऱ्यांचा आकडा मात्र कधी नव्हे इतका चढला.

शेजारची महालक्ष्मी विरजण मागायला आली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. तिने पानं बघितली, मैत्रिणीचं सुकलेलं तोंड बघितलं.

"अजून उपाशीच का गं तू? थांब, मी जेवते. मी काय पाहुणी नव्हे?" असं म्हणून ती हात धुऊन पहिल्या पानावर बसली.

श्रीकर आतून धावत आला. चेहरा कॅमेऱ्याकडे, हसरा. आवाज हळू, आणि भाषा घरातली मराठी. "मावशी, ऊठ. तू जेवलीस तर अम्मा जेवेल, खेळ मोडेल. कोणी येत नाहीं. कोणास बोलावलंच नाहीं."

तमिळ मुलखातल्या आमच्या घरांतून मराठी ही बाहेरच्यांना कळू न देता बोलायची भाषा. दुकानात भाव करताना, बसमध्ये कुणाविषयी बोलताना आम्ही तीच वापरतो. भोवतीच्यांना कळत नाही. त्याच सवयीने श्रीकर बोलून गेला. ज्या बाईने त्याला ती भाषा दिली, ती हाताच्या अंतरावर बसली होती.

"हिचाच मुलगा ना रे तू?" महालक्ष्मी म्हणाली.

सरोजाबाईने तिला हातानेच जायची खूण केली. महालक्ष्मी उठली. हे सारं मला पुढे तिनेच सांगितलं; ती दारापर्यंत जाऊन तिथेच थांबली होती.

सरोजाबाईने जवळच्या पानाची वळलेली कड सरळ केली. मग जागची न हलता म्हणाली, "आणिक किती वेळ बसूं रे?"

"दिवा लागेपर्यंत. लोक वाढताहेत."

अम्मा काय म्हणाली, असं बघणारे लिहून विचारू लागले. श्रीकरने तमिळमध्ये सांगितलं, "ती विचारते, तुम्ही घरून निघालात का?"

कुणीतरी भुंकण्याचा आवाज लावला. या वेळी ती दचकली नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

"अम्मा," श्रीकर ओठ न हलवता म्हणाला, "दचक कीं."

ती दचकली.