शिकाऊ सॉलिसिटर

मोटार शिकवणाऱ्या शाळेतल्या त्या मास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. अर्धं आयुष्य शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून गेल्यामुळे त्यांचा पाय झोपेतही ब्रेक दाबायचा, आणि बायको सकाळी पोटरी चोळत उठायची. या गृहस्थांनी संध्याकाळच्या कॉलेजात गटांगळ्या खात, चाळिशी उलटल्यावर वकिलीची पदवी पदरात पाडून घेतली आणि एका बड्या सॉलिसिटर कंपनीत शिकाऊ म्हणून अर्ज ठोकून दिला. गंमत म्हणजे मुलाखतीला बोलावणं आलं!

"अहो, श्वास घ्या," टायची गाठ सैल करत बायको म्हणाली. "निळे पडलात."

ऑफिसात पाऊल टाकलं, तर बाकावरची सगळी पोरं ताडकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मुलाखत घेणारे साहेबच आले. मास्तरांनीही घाईघाईने सगळ्यांना नमस्कार केला आणि कोपऱ्यातली खुर्ची गाठली.

त्यांचा नंबर आला, तोच आतून मोठ्या सॉलिसिटर बाई बॅग सावरत बाहेर आल्या. एक म्हातारी अशील हॉस्पिटलात होती. उद्या तिचं ऑपरेशन, आणि मृत्युपत्रावर सही आजच व्हायला हवी होती. ड्रायव्हर रजेवर.

"तुम्ही चला बरोबर," बाई म्हणाल्या. "वाटेतच मुलाखत घेते."

बाईंनी गाडी अशी काही बाहेर काढली, की गेटवरच्या शिपायाने आधी उडी मारली आणि मग सलाम ठोकला.

"समजा, दोन भावांचं सामाईक घर आहे," बाईंनी सुरुवात केली. "एकाने दुसऱ्याला न विचारता ते विकलं..."

"तर त्याला फक्त स्वतःचा हिस्सा... आरसा बघा! ...स्वतःचा हिस्सा विकता येतो. दुसऱ्याच्या हिश्श्याला... क्लच! क्लच!"

मास्तरांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दणादण आपटत होता. चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. बाईंच्या कपाळावर घाम फुटला, आणि मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "घाबरू नको बाळा. वाजवू देत त्यांना. हँडब्रेक ओढ, आता हळूच क्लच सोड... शाब्बास!"

गाडी चढ चढली. आपण कुणाला बाळ म्हणालो, ते आत्ता ध्यानात आलं. मास्तरांना वाटलं, दार उघडून पळत सुटावं.

"मला बाळ म्हणून कुणी हाक मारल्याला किती वर्षं झाली असतील!" बाई म्हणाल्या, आणि खुदकन हसल्या. मग दोघंही इतकी हसली, की पुढचा प्रश्न राहूनच गेला.

हॉस्पिटलात मात्र आजीबाई उशीला टेकून रडवेल्या झाल्या होत्या. पेन कागदाला टेकत नव्हतं. "सही केली म्हणजे मी मेलेच," त्या म्हणाल्या. बाईंनी दोनदा समजावलं. उपयोग शून्य.

मास्तर स्टूल ओढून शेजारी बसले. "आजी, आपल्याला कुठे घाई आहे? पेन नुसतं धरा. मी इथेच बसलोय. नाही जमलं तर नाही." मग त्यांनी लायसन्सच्या परीक्षेत भिंतीवर गाडी आदळून वर 'पास झालो ना?' विचारणाऱ्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगितली. आजी फस्सकन हसल्या. हसता हसता विचारलं, "मी मनात आणलं तर हे बदलता येईल?"

"हव्या तेवढ्या वेळा!"

आजींनी दोन नर्सच्या समोर झोकात सही केली, वर नावाखाली लांबलचक रेघही ओढली.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "कायदा मी शिकवेन. ते आत केलंत ना, ते शिकवता येत नाही. सोमवारपासून या."

मास्तर हॉस्पिटलच्या फाटकापाशी तरंगतच पोचले आणि घरी फोन लावला. नुसतं 'अगं, अगं' चाललं होतं.

"अहो, झालं काय? धडकलात का कुठे?"

"घेतलं! अगं, घेतलं मला!"

बायको आनंदाने किंचाळली. "सासूबाई, यांना घेतलं!"

फोनमधून आईचा घाबरा आवाज आला. "अगंबाई! पोलिसांनी?"

मास्तर हसत हसत फाटकालाच टेकले. त्यांना घेरी आली असं वाटून रखवालदार आत पळाला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला.