पालकाबरोबर भिजलेलं चित्र

"यंदा चित्र भिंतीवर लागलं नाही, तर ही रंगपेटी माळ्यावर," बायकोने सकाळी चहाबरोबरच निकाल वाचून दाखवला. तिचंही चूक नव्हतं. वाशीमच्या कला महोत्सवात मी सलग दोन वर्षं बसलो आणि दोन्ही वर्षं चित्र अर्धंच राहिलं. नियम साधा: जागेवर बसून रंगवायचं आणि दुपारी बाराच्या आत द्यायचं. अर्धवट चित्र टांगत नाहीत.

म्हणून यंदा आठलाच भाजीबाजारात स्टूल मांडलं. गळ्यात मफलर टाकला. (आमच्याकडे उन्हात मफलर घालणारा एकतर आजारी असतो, नाहीतर चित्रकार.) समोर आपल्या मळ्यातली भाजी विकणारी एक मावशी: निळं लुगडं, पोत्यावर वांगी, टमाटे, पालकाच्या जुड्या. मेजवानीच!

पण त्या मेजवानीवर गिऱ्हाइकंच ताव मारू लागली. वांग्यांचा ढीग रेखाटेपर्यंत तो अर्धा झाला. टमाट्यांकडे वळलो, तर टमाटे निघाले.

"मावशी, वांगे जरासे राहू द्या ना."

"काहून? तुह्यासमोर बसवाले आनले काय म्या?"

"बरं, उरलेले मीच घेतले. फक्त हलवू नका."

मावशीने पैसे घेतले, मान डोलावली आणि पाच मिनिटांत तीच वांगी दुसऱ्या बाईच्या पिशवीत घातली.

"मावशी! ते तर माह्ये होते!"

"तू कुठं खाऊन राह्यला बापू? तू त पाहून राह्यला. झालं ना पाहून?"

तरीही पावणेबाराला चित्र जमलं. फक्त लुगड्याची सावली बाकी होती. पण ऊन असं, की कुंचला टेकला की कागद कोरडा. मी कुरकुरलो, "लय लवकर सुकून राह्यलं!"

मावशीने ते ऐकलं. सुकणाऱ्या वस्तूवर तिचा इलाज ठरलेला होता. सकाळपासून ती डब्यात पालकाची जुडी बुडवून सगळ्या भाजीवर पाणी मारत होती. तिने जुडी बुडवली आणि मोठ्या मायेने माझ्या चित्रावर झटकली. दोनदा.

पालक वाहत लुगड्यात शिरला. टमाटे आभाळात चढले. मी नाटकातल्या राजासारखा छातीवर हात ठेवला.

"पाह्य, कसं टवटवीत झालं!" मावशी म्हणाली. तिचा चेहरा इतका समाधानी होता, की ओरडायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. सावली जिथे द्यायची होती, तिथे आता तळं होतं. तळ्याकाठी घाईघाईने सही ठोकली, ओला कागद ताटासारखा दोन्ही हातांवर आडवा धरला आणि महोत्सवाच्या सभागृहाकडे पळालो. बाराला दोन मिनिटं होती.

संध्याकाळी चित्र टांगलेलं होतं. दाराआडच्या कोपऱ्यात, पण भिंतीवर! बायकोने अगदी जवळ जाऊन पाहिलं.

"वांगे ओळखू येत नाहीत," ती म्हणाली. "पण भाजी ताजी दिसते."

"दिसनच ना! पानी म्याच मारलं." मागे रिकामी टोपली काखेत घेऊन मावशी उभी होती. "तुह्या मानसाच्यानं काई झालं नसतं, बाई. अन् माह्यं नाव कुठं हाय?"

मी पेन्सिल काढली आणि सहीखाली लिहिलं: 'पाणी: मावशी'.

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. रंगपेटी घरी तिनेच नेली. अजून खालीच आहे, स्वयंपाकघरात, भाजीच्या टोपलीशेजारी.